पडावातली शीळ

शीळ ऐकू आली तेव्हा लवूला वाटलं, झालं, सुरू झालं. माणसं बोटीपर्यंत नेणारा पडाव रत्नागिरी बंदरापासून नुकता सुटला होता. मागे धक्क्यावरची माणसं अजून ओळखू येत होती, कोण पदर डोळ्याला लावतंय, कोण नुसताच हात हलवतोय, हे दिसत होतं, आणि पुढे खोल पाण्यात मुंबईची बोट धूर सोडत उभी होती. मधल्या पाण्यावर, ट्रंका, वळकट्या, आमसुलांचे डबे आणि माणसं यांच्या गर्दीत, अगदी जवळ कुठेतरी ती शीळ वाजली. बारीक, ओली, शेवटाला मोडणारी. लवूचा हात सवयीने तोंडावर गेला. त्याने श्वास कोंडला. मग कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत चोरून, हळूच आत ओढला. श्वास थेट खालपर्यंत गेला. कुठे अडला नाही, घासला नाही. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा तसाच. आणि त्याचा श्वास आत जात असतानाच शीळ परत वाजली. म्हणजे ती त्याची नव्हती. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सतरा वर्षांच्या आयुष्यात हा आवाज त्याने फक्त आपल्याच छातीतून येताना ऐकला होता. तो दुसऱ्या कुणाच्या अंगातून बाहेर येऊ शकतो हे त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं. आता तो आला, आणि आपण गप्प बसलेलो असताना आरशातलं आपलं तोंड हलायला लागावं तसं त्याला झालं.

त्याने पहिल्यांदा मामाकडे बघितलं. भिकाजीमामा समोरच्या फळीवर ट्रंकेला पाय लावून बसला होता आणि शेजारच्या माणसाला गिरणीच्या गोष्टी सांगत होता. मामा मुंबईला गिरणीत जॉबर होता, माणसं कामाला लावणारा. त्याच्या सदऱ्याला इस्त्री होती, आवाजाला वजन होतं, आणि लवूसाठी त्याने सूतखात्यात शब्द टाकून ठेवला होता. पोरगा मेहनती आहे, पोटात पाप नाही, असं त्याने तिकडे सांगितलं होतं. छातीत काय आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. लवूला दमा आहे हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये यासाठी आईने जेवढे कष्ट घेतले तेवढे तिने दुसऱ्या कशासाठीही घेतले नसतील. पेठकिल्ल्यात घराला घर लागलेलं. एका घरातली शिंक दुसऱ्या घरात ऐकू जाते. म्हणून लवूची शीळ सुरू झाली की आई जात्यावर बसायची. दळायला काही असो वा नसो, घरघर सुरू. शेजारची हौसा कुडावरून विचारायची, तुमच्याकडे भाकऱ्या खातात तरी किती गो, आणि आई हसून वेळ मारून न्यायची. जात्यात दाणे असले तर पीठ उडायचं आणि शीळ आणखी चढायची. मग आई आणखी जोराने दळायची. लवू भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून बसायचा आणि त्याला वाटायचं, जातं आपल्या छातीवरच ठेवलंय. अजूनही कुठे जात्याचा आवाज आला की त्याचे खांदे वर चढत. आईवर राग धरावा असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून तो स्वतःवरच धरायचा.

आज सकाळी वळकटी बांधताना आईने त्याला आत बोलावलं होतं. मामा बाहेर पडवीत चहा पीत होता, म्हणून ती कुजबुजत बोलली. म्हणाली, वाटेत काही झालंच तर बोट लागली म्हण. बोट सगळ्यांनाच लागते, मोठमोठ्यांना लागते, त्यात कुणी काही विचारत नाही. तोंड झाकून आडवा हो आणि पडून राहा. मुंबईत गेल्यावर काय म्हणायचं ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. वडील गेले, आजाही गेला, आता घराची सगळी भिस्त लवूवर होती. दहा बाय बाराची ती मामाची खोली, त्यात रांगेने झोपणारे गावचे बाप्ये, दिवा मालवल्यावरची ती शांतता, हे सगळं त्याने न बघताच इतक्या वेळा बघितलं होतं की ते पाठ झालं होतं. तिथे जातं नव्हतं. आणि गिरणीत म्हणे कापूस हवेत तरंगत असतो, भुवयांवर बसतो, नाकात जातो. मामा हे हसत सांगायचा. म्हणायचा, पहिल्या दिवशी सगळे म्हातारे दिसतात. लवूही हसायचा, आणि हसताना छातीत कुठे काही वाजतंय का ते ऐकत राहायचा.

तो नेहमीच ऐकत असे. त्याच्या सगळ्या आयुष्याचं कामच ते होतं. शाळेतून भगवतीच्या किल्ल्यावर नेलं की पोरं चढ पळत चढायची आणि लवू अर्ध्यावर थांबायचा. थांबायला कारण लागतं. तो समुद्राकडे बघत उभा राहायचा. मास्तरांना वाटलं, मुलगा कवी आहे. त्यांनी वर्गात तसं म्हटलंही, आणि पोरांनी त्याला कवी म्हणून चिडवायला सुरुवात केली. लवूला ते चिडवणं आवडायचं. तो चांगला आडोसा होता. बाजारातल्या डॉक्टरकडे आई त्याला एकदाच घेऊन गेली होती, तेही भर दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, यातलं बरंचसं मनाचं असतं, घाबरत जाऊ नकोस. त्या दिवसापासून लवूला घाबरण्याचीही भीती वाटायला लागली. रात्री तो पडून विचार करायचा, मी दम्यामुळे घाबरतो की घाबरतो म्हणून दमा येतो. आणि हे खरंच मनाचं असेल तर ते आपणच करतो, आईला जात्याला जुंपतो, म्हणजे आपण वाईट आहोत. हे तो कुणाला सांगणार? आईसमोर दम्याचं नावही काढायचं नाही, नाव काढलं की येतो अशी तिची समजूत. आजाला सांगता आलं असतं. पण आजा असताना ते त्याला नीट सुचलं नाही, आणि सुचलं तोवर आजा राहिला नाही.

शीळ परत आली. या वेळी लांब, आणि तिच्या मागून एक तुटका आवाज, खोकला यायचा आणि यायचा नाही असा. लवूने मान वळवली. मागच्या बाजूला, वळकट्यांच्या आडोशाला एक मुलगी बसली होती, त्याच्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान असेल. डोक्यावर हिरवी ओढणी. तिच्याजवळ तिची आई. मघाशी धक्क्यावर कुणीतरी शरीफाबी म्हणून हाक मारली ती हीच, आणि मुलगी मैमुना. तिला मुंबईला बघायला येणार आहेत, मुलगा जहाजावर आहे, असंही कुणी बोलत होतं. मुलीचे दोन्ही हात फळीवर होते आणि खांदे कानांपर्यंत चढले होते. ते खांदे लवूने ओळखले. गळ्याच्या मुळाशी पडणारा तो खड्डाही ओळखला. त्याने आपला तो कधी बघितला नव्हता, पण तो कसा आत ओढला जातो हे त्याला आतून ठाऊक होतं.

बायांचं लक्ष गेलंच. मिऱ्याची एक यमुनाबाई म्हणून होती, वयाने वडील, या बोटीने कितीदा जाऊन आलेली. तिने विचारलं, काय झालं गो पोरीला? शरीफाबी चटकन म्हणाली, "बोट लागली तिला. दुसरं काय नाय." म्हणताना तिने सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली, कुणाला पटलं आणि कुणाला नाही ते बघायला. ही नजर लवूच्या आईची होती. कुडाशी उभ्या राहणाऱ्या हौसाकडे आई अशीच बघायची. म्हणजे हिला ठाऊक आहे. हिला सगळं ठाऊक आहे, आणि हीसुद्धा कुठेतरी कुजबुजत मुलीला सांगून आली आहे, काही झालंच तर बोट लागली म्हण.

आणि बोट लागली म्हटल्यावर पडावातल्या प्रत्येकाला काय करायचं ते माहीत होतं. दर्यावरची माणसं ती, यातच जन्म गेलेला. यमुनाबाईने कनवटीचं लिंबू काढून मुलीच्या नाकाशी धरलं. दुसरीने आमसूल तिच्या तोंडात सारलं. कुणीतरी वळकट्या बाजूला सरकवल्या आणि सगळ्यांनी मिळून मायेने तिला आडवी केली, लाटा दिसू नयेत म्हणून ओढणी तोंडावरून ओढली, वर आणखी एक लुगडं घातलं. गप पडून राहा हां बाय, बोटीवर चढलीस की बरं वाटेल. मुलगी उठायला बघत होती. यमुनाबाईने तिचा खांदा हलकेच दाबून धरला. लुगड्याखाली शीळ बदलली. ती आता बाहेर पडतच नव्हती, आतल्या आत फिरत होती. लवूला ते आडवं होणं माहीत होतं. पाणी नाकापर्यंत आल्यासारखं वाटतं, आणि वरून माणसं प्रेमाने दाबून धरतात.

आपण काही बोललो नाही तर काही होणार नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. बोट जवळ आली आहे. वर गेली की तिची आई बघून घेईल. आपण कोण? परक्याच्या पोरीबद्दल चारचौघांत बोलायचं कुणी? आणि बोलणार ते कशाच्या जोरावर? तुला रे कसं कळलं, असं कुणीतरी विचारणारच. मामाच विचारेल. मग काय सांगायचं, पुस्तकात वाचलं? त्याने मामाकडे बघितलं, मामा बोलायचा थांबून मुलीकडेच बघत होता. त्याने बोटीकडे बघितलं. तिची काळी बाजू आता वर वर येत होती, शिडी दिसत होती. आणि लवूच्या लक्षात आलं की ती शिडी आपल्याला हवी आहे, आपण पळून जायला बघतोय. लुगड्याखालून एक हात बाहेर आला होता. हाताची नखं निळसर झाली होती आणि बोटं फळीची कड शोधत होती. त्याला वाटलं, आपण मुंबईच्या त्या खोलीत असेच पडू. आणि वरून लुगडं घालणारा, गप पडून राहा म्हणणारा मामा असेल, आणि त्याला ते आपणच शिकवलेलं असेल.

"तिला उठवून बसवा," लवू म्हणाला. आवाज इतका बारीक आला की कुणी ऐकलं नाही. त्याला उभं राहावं लागलं. पडाव डोलत होता. "बोट नाय लागलेली. दमा हाय तो. निजवू नका तिला."

शरीफाबीने झटक्यात वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या पाठीमागे भीती. ती म्हणाली, तुला काय ठाऊक, तू काय डॉक्टर आहेस? यमुनाबाईचा हात मुलीच्या खांद्यावरच राहिला. सगळा पडाव लवूकडे बघत होता आणि त्यात मामाही होता. इथून मागे फिरता येत होतं. चुकलो म्हणून खाली बसता येत होतं.

"मलापण हाय," तो म्हणाला.

पुढचं त्याने केलं की कुणीतरी त्याच्याकडून करून घेतलं, ते त्याला नंतरही उमगलं नाही. यमुनाबाईने हात काढून घेतला. तोंडावरचं लुगडं दूर झालं. मुलगी उठून बसली आणि पुढे वाकली, तिला टेकायला काहीच नव्हतं. तेव्हा त्याला आजा आठवला. धाकू तांडेल. मचव्यावर उभं आयुष्य काढलेला, पाठ फळीसारखी रुंद. जात्याची घरघर सुरू झाली की तो पडवीतून आत यायचा आणि काही न बोलता लवूच्या पाठीला पाठ लावून बसायचा. म्हणायचा, मचव्यावर टेकायला काय नसतं रे, दोघं असेच बसतात, एकमेकांना टेकून. एकाचा डोळा लागला तर दुसऱ्याला पाठीतनं कळतं. मग तो आपला श्वास सोडायचा, सावकाश, शीड उतरवताना दोर हातातून सोडतात तसा. ओढू नको, म्हणायचा. आत यायचा तो आपण होऊन येतो. तू नुसता सोड. आजाने कधी घाबरू नकोस म्हटलं नाही. घाबरलास काय, असं विचारायचा, आणि लवू मान हलवायचा. आजाला ते पाठीतून कळायचं. मग म्हणायचा, असूंदे, मीपण वादळात घाबरतो.

लवूने शरीफाबीला सांगितलं, तुम्ही तिच्या पाठीला पाठ लावून बसा. ती ऐकेना. इतक्या माणसांत हे कबूल केल्यासारखं होईल, हे त्याला कळत होतं. शीळ पुन्हा मोडली आणि या वेळी तिच्यामागून बराच वेळ काहीच आलं नाही. तेव्हा शरीफाबी वळली आणि धपकन बसली, लेकीच्या पाठीला पाठ लावून, तोंड किनाऱ्याकडे करून. तिचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होती. लवू मुलीसमोर पण जरा लांब उकिडवा बसला आणि त्याने ओठ चंबू करून श्वास सोडला. दोर सोड, तो म्हणाला. ओढू नको. तुला भीती वाटतेय काय? मुलीने मान हलवली. "असूंदे," तो म्हणाला. "मलापण वाटतेय." त्याने परत सोडला, लांब, आणि शेवटाला त्याच्या छातीत ती वाजली. त्याचीच. उभं राहणं, बोलणं, तो सगळा धसका आता फेडून घेत होता. हात तोंडावर ठेवता आला असता. पण हात वर नेला तर मुलीला ओठ दिसले नसते. दोन शिळा वाजत राहिल्या, एकीच्या मागून एक. हळूहळू मुलीचे खांदे कानांपासून खाली आले. शरीफाबीचं पुटपुटणं कधी थांबलं ते कळलं नाही. ती मान किंचित मागे टाकून, डोळे मिटून पाठीने ऐकत होती.

मग पडाव बोटीला लागला आणि एकच गलका झाला. वरून दोर आले, शिडी हलली, ज्याची त्याची ट्रंक. शरीफाबी उठली. मुलीची ओढणी सारखी केली, तोंड पुसलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उतरली बोट. मघाशी लागली होती, आता बरी हाय." यमुनाबाईने लिंबू परत कनवटीला खोचलं आणि मुकाट मान हलवली. लवूकडे शरीफाबीने बघितलं नाही. मुलगी शिडी चढताना मधे एकदा थांबली, वाऱ्याने तोंडावर आलेली ओढणी तिने मागे सारली, आणि तोंड उघडं ठेवून, श्वास सोडत, सगळ्यांच्या देखत थांबून राहिली. खालून कुणीतरी चल चल म्हणालं. तिला लागला तेवढा वेळ घेऊन मग ती चढली. बस, एवढंच. ती वर गेल्यावर लवूला ती दिसली नाही.

मामा शेवटपर्यंत बसून होता. गर्दी कमी झाल्यावर तो जवळ आला, लवूच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता पण रागाचा नव्हता, आणि लवूला त्याचीच जास्त भीती वाटली.

"तू मघा बोललास ते पोरीला धीर द्यायला बोललास," मामा हलक्या आवाजात म्हणाला. "होय ना? मी तसंच धरून चालतो. वर चल."

एक होय पुरे होता. मामा चांगला माणूस होता, त्याने दार उघडून धरलं होतं. लवूला आईचं तोंड दिसलं, पडवीतला तो चहाचा कप दिसला, आणि हवेत तरंगणारा कापूस दिसला. मामाने लुगडं पुढे केलं होतं, मायेनेच, आणि आता त्याखाली आडवं व्हायचं होतं. छातीत शीळ चालूच होती, मामाला ती ऐकू येत असणार. ऐकू येत असूनच तो विचारत होता.

"नाय मामा," लवू म्हणाला. "लहानपणापासून हाय."

मामाने हात काढून घेतला. मग म्हणाला, अक्काने मला तरी सांगायचं. एवढंच म्हणाला. आपली ट्रंक खांद्यावर घेतली, वळकटी काखेत मारली, आणि शिडीला पाय लावल्यावर वळून, खलाशाला सांगितल्यासारखं म्हणाला, "याला परत नेताना मधे बसवा. कडेला नको." लवूची ट्रंक पडावातच राहिली.

पडाव वळला. बोटीतून रत्नागिरीला उतरणारी दोन-चारच माणसं होती, ती पुढच्या बाजूला दाटीवाटीने बसली. लवू मधे बसला, ट्रंकेजवळ. टेकायला काही नव्हतं. आपण काय करून बसलो हे आता एकेक करून समोर येत होतं: गिरणी गेली, मामाचा शब्द गेला, हौसाला कळणार, सगळ्या पेठकिल्ल्याला कळणार. जात्याचं काय होणार? तो श्वास सोडत राहिला. आजाची पाठ असायची तिथे वारा लागत होता. समुद्रावरचा वारा, किनाऱ्याकडे जाणारा.

धक्का जवळ आला तशी माणसं मोठी होत गेली. बरीचशी निघून गेली होती. आई होती. तिला त्याने उभं राहण्यावरूनच ओळखलं. ती बोटीकडे बघत हात हलवत होती. बोटीने भोंगा दिला, आणि ती पायांच्या चवड्यांवर उभी राहून आणखी उंच हात हलवायला लागली. तिची नजर पडावावरून, लवूच्या डोक्यावरून पार पलीकडे, तिथे नसलेल्या लवूकडे लागली होती. तिचं तोंड हसरं होतं. इतकं सुटलेलं तोंड त्याने तिचं कधी बघितलं नव्हतं. त्याला हाक मारायची होती, पण हाकेपुरता श्वास नव्हता. जेवढा होता तेवढा तो सोडत होता, आणि प्रत्येक सोडण्याच्या शेवटी शीळ वाजत होती, उघड्या तोंडाने, भर दुपारी. इतक्या लांब ती जाणार नाही, वारा असला तरी नाही, हे त्याला कळत होतं.

धक्क्यावर आईचा हात हवेतच थांबला.